पाणघोड्याची जांभई

एकाच दिवशी दोन पुस्तकांची प्रकाशनं ठेवू नकोस, असं सूनबाईला सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. नवऱ्याने सांगितलं, छापखान्याच्या मालकाने सांगितलं, ग्रंथालयाच्या शिपायानेही खुर्च्या लावता लावता एकदा सुनावलं. पण ऐकेल ती सूनबाई कसली! ग्रंथालयाचा वरचा हॉल मोठ्या मिनतवारीने एका रविवारपुरता मिळाला होता. सकाळी लहानांचं पुस्तक, संध्याकाळी मोठ्यांचं. सकाळी पाणघोडा, संध्याकाळी खून. माइक तोच, खुर्च्या त्याच, बिस्किटंही तीच. फक्त सकाळी मुलांसाठी पुढे सतरंज्या अंथरायच्या आणि संध्याकाळी त्या गुंडाळून ठेवायच्या. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसाला तो दगड आपल्याच पायावर पडेल असं कधी वाटत नाही.

सूनबाईची प्रकाशनसंस्था म्हणजे घरातली मागची खोली. एका भिंतीला पुस्तकांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल आणि उरलेल्या जागेत अंग चोरून बसलेली प्रकाशक. आजवर तिने काढलेली पुस्तकं विकली गेली थोडी आणि भेट म्हणून गेली जास्त. पण या वेळी तिची झोप उडाली होती ती खपाच्या काळजीने नव्हे. सकाळच्या पुस्तकाची लेखिका तिची सासू होती.

सासूला सगळे बाई म्हणत. बाईंचा उभा जन्म बालवाडीत गेलेला. आज बँकेत साहेब म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी जणांची नाकं एकेकाळी बाईंनी पुसली होती. त्यांची एक गोष्ट होती, जांभई हरवलेल्या पाणघोड्याची. मूळ गोष्ट रचली ती स्वतःच्या लेकीसाठी, कारण ही लेक लहानपणी झोपायचं नावच घेत नसे. पाणघोड्याला झोप येईना, का तर त्याची जांभई हरवली. मग तो जंगलभर विचारत सुटतो, "माझी जांभई पाहिलीत का हो?" जिराफ आपली जांभई देऊ करतो, पण ती त्याच्या मानेतून वर येईपर्यंत दुपार होते. मुंगी आपली देते, तर ती पाणघोड्याच्या दातांच्या फटीत पडून दिसेनाशी होते. ही गोष्ट ऐकत मुलं मोठी झाली, त्यांची मुलं झाली, तरी बाईंनी ती कागदावर काही उतरवली नव्हती. अखेर सूनबाईच हात धुऊन त्यांच्या मागे लागली. तिने ती मोबाइलवर रेकॉर्ड केली, लिहून काढली, संपादक म्हणून कात्री चालवली आणि एका चित्रकाराकडून पानोपानी झकास चित्रं काढून घेतली.

आणि पुस्तक छपाईला जातं न जातं तोच बाई विसरायला लागल्या.

म्हातारपणाची आणि विसराळूपणाची सोयरीक जुनीच. किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या तेव्हा सगळे हसले. गॅसवर दूध ठेवून बाई शेजारी गप्पांना बसल्या तेव्हा कुणी हसलं नाही. मग एके दिवशी त्यांनी लेकीला फोन लावला, आणि तिने उचलल्यावर विचारलं, "बोल गं, कशाला फोन केलास?"

लेक दुसऱ्या शहरात, एका उंच इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहायची. सूनबाई तिला ताई म्हणे. ताईचं आईवर फार प्रेम, पण तिचं प्रेम नेहमी हुकमाच्या रूपात बाहेर पडे. त्या फोननंतर तिला रात्र रात्र डोळा लागेना. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी ती गाडी घेऊन आली, आईचं कपाट उघडलं, आईचे कपडे, स्वेटर, औषधं एका बॅगेत भरली आणि बॅग थेट गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली. मग स्वयंपाकघरात येऊन सूनबाईला म्हणाली, "तिला स्टेजवर बसवायचा हट्ट तुझा. उद्या सगळ्यांसमोर मध्येच अडकली, कावरीबावरी झाली म्हणजे? हसं तिचं होईल, तुझं नाही."

"अडकणार नाहीत हो ताई. हातात पुस्तक असणार आहे. नुसतं वाचायचंय."

"बरं. नीट वाचलं तर मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. पण अडकली तर संध्याकाळी माझ्याबरोबर येईल. कायमची. मग तू मध्ये पडायचं नाहीस."

सूनबाईचा नवरा तेव्हा कपबशा विसळत होता. बायको आणि बहीण यांच्यामध्ये त्याची अडकित्त्यातली सुपारी झालेली. "तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा," एवढंच तो म्हणाला आणि एकच कप पुन्हा पुन्हा धूत राहिला. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या बाई पलीकडच्या खोलीत बसून होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. डोळे थकले असले तरी बाईंचे कान मात्र चांगले तिखट होते.

सूनबाईला ती रात्र जड गेली. बाई म्हणजे तळमजल्यावरचं माणूस. दुपार कलली की गल्लीतली मुलं पायरीवर येऊन बसत आणि बाई त्यांना गोष्ट सांगत. तिकडे वर त्या खिडकीशी बसून राहतील आणि खालची मुलं त्यांना ठिपक्याएवढी दिसतील. शिवाय आणखी एक होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सूनबाईची पहिली मैत्रीण बाईच होत्या. तिला बाई घरात हव्या होत्या, सरळ गोष्ट होती ती.

बाई स्टेजवर अडकू नयेत म्हणून तिने आधीच आठवडाभर त्यांच्याकडून तालीम करून घेतली होती. मनाने काहीही सांगायचं नाही, पुस्तकाबाहेर जायचं नाही. "बाई, बोट ओळीवर ठेवायचं. बोट पुढे, तसे डोळे पुढे." बाई बालवाडीतल्या पोरासारखी मान डोलावून "बरं बाई" म्हणत, आणि ओळीवर बोट ठेवून मुकाट्याने वाचत.

रविवारी सकाळी हॉल भरून वाहिला. सतरंज्यांवर मुलं, मागे खुर्च्यांवर आईबाप, खुर्च्या संपल्यावर भिंतीला टेकून आजीआजोबा. त्यातले निम्मे बाईंचेच जुने विद्यार्थी. पहिल्या रांगेत ताई बसली होती, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. सूनबाईने घाईघाईत पहिला गठ्ठा फोडला, वरचं पुस्तक उचलून बाईंच्या हातात दिलं, नवऱ्याला माइककडे पिटाळलं आणि स्वतः मागच्या विक्रीच्या टेबलाकडे धावली. बाईंनी पुस्तक उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. "एक होता पाणघोडा," त्यांनी सुरुवात केली आणि सगळी मुलं एकदम गप्प झाली.

सूनबाईने हुश्श म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलापाशी उभी असलेली एक आई हळूच म्हणाली, "अहो, हे लहान मुलांचंच आहे ना?"

"हो तर."

"नाही, म्हणजे हे बघा ना."

डाव्या पानावर जिराफ आकाशाकडे तोंड करून लांबलचक जांभई देत होता. उजव्या पानावर चित्र नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'इन्स्पेक्टरने चादर बाजूला केली. मृतदेहाचे डोळे सताड उघडे होते.'

सूनबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. संध्याकाळची कादंबरी सकाळच्या पुस्तकात येऊन पडली होती. झालं काय असेल, हे तिला तिथल्या तिथे उमगलं. पुस्तक काही एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याची घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून पुस्तक बांधतात. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, एकाच कागदावरची, कारण तसं सोयीचं पडतं हे सूनबाईनेच ठरवलेलं. दोन्ही एकाच दिवशी हवीत म्हणून बाइंडरच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या त्याही तिनेच. त्याच्याकडे दोन्ही थप्प्या शेजारी शेजारी लागल्या असणार आणि घाईत कुणाचा तरी हात चुकीच्या थप्पीवर पडला असणार. तिने भराभर टेबलावरची पुस्तकं चाळली. दुसऱ्या गठ्ठ्यातली ठीक होती. तिसऱ्यातली ठीक होती. बिघडली होती ती पहिल्या गठ्ठ्यातली वरवरची.

आणि बाईंच्या हातात होतं ते पुस्तक पहिल्या गठ्ठ्यातलं, अगदी वरचं.

स्टेजवर बाईंचं बोट ओळीवरून पुढे पुढे सरकत होतं. पाणघोडा जिराफाकडे येऊन पोचला होता. पुढचं पान उलटलं की बाईंसमोर प्रेत येणार. मनाने एक शब्द सांगायचा नाही, हे आठवडाभर त्यांच्या डोक्यात भरवणारी प्रकाशक मागे उभी होती. तिने एक धड पुस्तक उचललं आणि निघाली. कडेची वाट बाबागाड्यांनी अडवलेली. मग ती सरळ सतरंजीवरच्या मुलांमध्ये घुसली. कुणाच्या बोटावर पाय पडायचा राहिला, कुणाची पाण्याची बाटली आडवी झाली. आपण स्टेजवर जाऊन बाईंच्या हातातलं पुस्तक काढून घेणार, सगळा हॉल बघणार, ताई बघणार, आणि त्यालाच बाई अडकल्या असं म्हटलं जाणार, हेही तिला कळत होतं. न जाऊन तरी काय होणार होतं? ती अर्ध्या वाटेत असतानाच बाईंनी पान उलटलं.

बाईंनी मान वर केली, मुलांकडे पाहिलं आणि श्वास घेतला. सूनबाई होती तिथेच थिजली.

"मग पाणघोडा आला नदीकाठी," बाई म्हणाल्या. "नदीकाठी कोण होतं? एक खेकडा!"

खेकडा? पुस्तकात खेकडा नव्हता. म्हणजे पूर्वी होता, पण सूनबाईने संपादन करताना त्याला कात्री लावली होती. हा खेकडा आडवा चालायचा, आडवं बोलायचा आणि जांभईही आडवी द्यायचा. 'गंमत आहे, पण कथानक पुढे सरकत नाही,' असा शेरा मारून तिने त्याला बाहेर काढलं होतं. आता तोच खेकडा भर समारंभात आमंत्रण नसताना येऊन बसला. बाईंनी खालचा जबडा एका बाजूला सरकवला, डोळे तिरळे केले आणि अशी काही आडवी जांभई दिली की मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

मागून कुणीतरी सूनबाईचा कुर्ता ओढला. "काकू, खाली बसा ना! खेकडा दिसत नाहीये!"

काकू मटकन खाली बसली. हातातलं धड पुस्तक तिने मांडीवर ठेवलं. स्टेजवर बाईंचं बोट इमानदारीने ओळींवरून चाललं होतं, म्हणजे पोलिसांच्या तपासावरून चाललं होतं, आणि तोंडातून माकड बोलत होतं, घुबड बोलत होतं. पान उलटायची वेळ झाली की बाई पान उलटत. पोस्टमॉर्टेम आलं, पंचनामा आला, साक्षीदार आले आणि गेले, आणि बाईंच्या आवाजाला कुठे ओरखडाही उमटला नाही. एखाद्या ओळीवर त्या दचकतील म्हणून सूनबाई त्या बोटाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. त्या दचकल्या नाहीत.

गोष्टीच्या शेवटी सगळं जंगल पाणघोड्याच्या मदतीला येतं. एकेकाची जांभई त्याला पुरत नाही, म्हणून सगळे मिळून एकदम जांभई देतात आणि त्या साथीत त्याला त्याची स्वतःची जांभई सापडते. बाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "आता जंगल तुम्ही," त्या मुलांना म्हणाल्या. "चला, मोठा आ करा."

एरवी प्रकाशन समारंभात जांभईइतकी भयंकर गोष्ट नाही. पाहुणे बोलायला उभे राहतात, मागच्या रांगेत पहिली जांभई उमटते आणि प्रकाशकाच्या काळजात धस्स होतं. इथे मात्र मुलांनी आ केला, मग आईबापांना राहवेना, मग भिंतीला टेकलेल्या आजोबांना. दारातल्या शिपायाने जांभई दिली. माइकपाशी नवऱ्याने दिली, ती तर माइकमधून सगळ्यांना ऐकू आली. आणि पहिल्या रांगेत ताईने ती दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, तोंडावर हात धरला, ओठ मिटले, पण कितीतरी रात्रींची ती जांभई हाताच्या आड मावेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ताईने जांभई दिली. ते पाहून सूनबाईचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिनेही सतरंजीवर बसल्या बसल्या जबडा दुखेस्तोवर जांभई दिली.

नंतर बाईंच्या सहीसाठी रांग लागली. सही मोठी आणि जरा तिरकी येत होती, पण मुलं खूश होती. इकडे सूनबाईच्या फोनसरशी बाइंडर डोक्यावरचं हेल्मेट न काढताच धावत आला. "वहिनी, चूक आमचीच," तो म्हणाला. "घाई माझी," सूनबाई म्हणाली, आणि दोघं जमिनीवर बसून एकेक पुस्तक उघडून बघू लागली. बिघडलेली फार नव्हती, दोन्ही पुस्तकांची मिळून एक लहानशी थप्पी झाली. तेवढ्यात संध्याकाळचे लेखक आले. हे पेशाने दातांचे डॉक्टर, पहिलीच कादंबरी, त्यामुळे सकाळपासून हॉलच्या आसपास घिरट्या घालत होते. सूनबाईने मनाचा हिय्या केला आणि त्यांच्या कादंबरीची एक बिघडलेली प्रत त्यांच्यासमोर धरली. जिथे खुनी कबुली देतो तिथे, पानभर, पाणघोडा जबडा फाडून उभा होता.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग खिडकीपाशी उजेडात नेलं.

"चित्र कुणी काढलंय हो?" त्यांनी विचारलं. "दाढा काय सुरेख आल्यात! आयुष्यभर पेशंटला सांगतोय, आ करा, आणखी मोठा आ करा. असा आ आजवर एकाने केला नाही. ही प्रत मी नेतो. दवाखान्यात लावतो."

"आणि संध्याकाळचं?"

"संध्याकाळपुरती चांगली पुस्तकं आहेत ना? मग झालं की!"

बाइंडरने तेव्हा कुठे हेल्मेट काढलं.

गर्दी ओसरल्यावर बाई स्टेजमागच्या छोट्या खोलीत चहा पीत बसल्या होत्या. सूनबाई त्यांच्या पायाशी स्टुलावर टेकली. "बाई, कमाल केलीत तुम्ही. पुस्तकात भलतीच पानं लागली होती आणि तुम्ही अडखळलातसुद्धा नाही."

"भलती?" बाईंनी कप खाली ठेवला. "कसली भलती?"

सूनबाई स्टुलावरून पुढे सरकली. एवढी पानं उलटली, खुनाची, रक्ताची, आणि बाईंना पत्ता नाही? म्हणजे ताईचंच खरं की काय?

बाईंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, तिला सांगू नकोस. चष्मा घरीच राहिला माझा. गाडीत बसल्यावर लक्षात आलं. बोलले असते तर लगेच म्हणाली असती, बघा, विसरली. मग काय करते? तू सांगितलंस ना, बोट ओळीवर ठेवायचं. फिरवत बसले बोट."

"आणि वाचलंत कसं?"

"वाचतंय कोण? मला ते सगळं नुसतं काळं-पांढरं दिसत होतं. गोष्ट काय पुस्तकातून शिकलेय होय मी?" मग जरा ओशाळून म्हणाल्या, "खेकडा तू काढलेला ते मात्र विसरलेच बघ. रागावलीस का?"

सूनबाई इतकी हसली की तिला रडू आलं. सगळा वेळ ती बाईंच्या बोटाकडे बघत राहिली होती. डोळ्यांवर चष्मा नाही, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. "तुमचा खेकडा दुसऱ्या आवृत्तीत घेते," ती डोळे पुसत म्हणाली. "मुखपृष्ठावर घेते, हवं तर."

"माझा खेकडा," दारातून आवाज आला.

ताई उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. सूनबाईचं हसू जागच्या जागी विरलं. ताई आत आली, पर्स उघडली आणि चष्म्याचं घर काढून आईच्या मांडीवर ठेवलं.

"जेवणाच्या टेबलावर राहिला होता," ती म्हणाली. "निघताना मी उचलला."

"मग दिला का नाहीस गं मला?" बाईंनी विचारलं.

ताई खुर्चीवर बसली. नेहमीचा तिचा तो हुकमी आवाज कुठे गेला होता, देव जाणे. "द्यायलाच घेतला होता. मग वाटलं, नको. कळू दे सगळ्यांना, ही किती विसरते ते. नुसतं माझंच डोकं फिरलंय असं म्हणतात सगळे." तिने सूनबाईकडे पाहिलं नाही. "आणि आई, तू पुस्तक उघडलंस तेव्हा वाटलं, काय केलं मी हे! तुला एक अक्षर दिसत नाहीये, हे मला एकटीला माहीत. धावत वर येऊन चष्मा द्यावा, तर पाय उचलेनात. आणि तेवढ्यात तो खेकडा आला."

"तो तूच घातला होतास ना गोष्टीत," बाई म्हणाल्या. "चार वर्षांची होतीस. पाणघोड्याला झोप आली की तू ओरडायचीस, अजून खेकडा राहिला, खेकडा राहिला. झोपायचं नसायचं ना तुला."

ताईने मान हलवली. ती रडत होती.

म्हणजे मुलांच्या मध्ये एकजण धड पुस्तक घेऊन बसली होती आणि पहिल्या रांगेत दुसरी चष्मा घेऊन, दोघींचा जीव टांगणीला, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती मजेत आडव्या जांभया देत होती. सूनबाईने ताईच्या हातावर हात ठेवला.

"पण किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडतात तुझ्या," ताई नाक पुसत म्हणाली.

"सापडतात ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं तर!"

"दूध मी बघते ताई," सूनबाई म्हणाली. "त्यांना एकटीला गॅसपाशी नाही जाऊ देत आता. पुढचं काय सांगणार? तुम्ही अधूनमधून या. मलाही धीर लागतो."

ताई उठून जिना उतरून खाली गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती. ती बॅग तिने विक्रीच्या टेबलाखाली सरकवली. "ही घरी ने. स्वेटर वरच ठेवलाय, चुरगळू नकोस. औषधं बाजूच्या कप्प्यात आहेत." हा पुन्हा हुकूम होता, पण सूनबाईला आजवर इतका गोड हुकूम कुणी केला नव्हता. "आणि मी आज थांबते. अशी झोप येतेय की गाडी चालवायला नको."

संध्याकाळी सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, मुलांच्या जागी मोठी माणसं आली आणि डॉक्टर घसा साफ करून माइकसमोर उभे राहिले. पहिल्या रांगेत बाई होत्या, डोळ्यांवर चष्मा आणि मांडीवर सकाळचं ते बिघडलेलं पुस्तक. दुपारभर त्यांनी पाणघोडा सोडून मधला खूनच वाचला होता. "सोळा पानांत तपास अर्धवट टाकलाय मेल्यांनी," त्या सूनबाईच्या कानात म्हणाल्या. "खुनी कोण ते कळल्याशिवाय मी काही इथून हलायची नाही." ताई त्यांच्या शेजारी बसली होती.

डॉक्टरांनी वाचायला घेतलं. खुन्याने रिकाम्या बंगल्याचं दार उघडलं, इन्स्पेक्टर अंधारात दबा धरून बसला. डॉक्टर रंगात आले, आवाज चढू लागला. आता इन्स्पेक्टर झडप घालणार, एवढ्यात त्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं आणि त्यांचा चेहरा पडला. पहिल्या रांगेत एक बाई चक्क झोपली होती. ताईची मान आईच्या खांद्यावर कलली होती, तोंड अर्धवट उघडं होतं आणि ती लहान मुलासारखी गाढ झोपली होती.

मागच्या टेबलापाशी सूनबाई अर्धी उठली. पण लेकीची झोप मोडू नये म्हणून बाईंनी खांदा तसाच धरून ठेवला होता. चष्म्यावरून त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि बालवाडीत दुपारच्या वेळी करत असतील तसं, ओठांवर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी माइक जरा लांब केला. सगळा हॉल पुढे झुकला, आणि खुनी अगदी हळू आवाजात पकडला गेला.